चूल, धूर आणि सरपण

अर्थशास्त्राच्या तासाला ऊर्जेचा विषय निघाला की कोळसा, तेल, वीज आणि अणुशक्ती यांची नावे घेतली जातात. आपल्या चंद्रपूरकडे तर ती घेतली जाणारच. येथील महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे, राज्य सरकारच्या औष्णिक केंद्रांत सर्वांत मोठे. आणि बल्लारपूरच्या कोळशाची कीर्ती इंग्रजी अमदानीपासूनची. या यादीत सरपणाचे नाव मात्र मी अद्याप ऐकलेले नाही. वास्तविक चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत पहाटे जी पहिली ऊर्जा लागते ती सरपणाची. ती तारेतून येत नाही; आई, काकू, वहिनी यांच्या डोक्यावरून येते. म्हणून प्रस्तुत लेखात चुलीचा अभ्यास करावयाचे मी योजिले आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विज्ञान दहावीपुरतेच. तेव्हा ग्रंथालयातील पुस्तके आणि घरची चूल या दोहोंचा आधार घेऊन जे उमगले तेवढेच मांडते.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. ज्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेथे घर गरम ठेवण्याचा प्रश्न कसला, असे कोणी विचारील. अशा वाचकाने पौष महिन्यात कोरची किंवा धानोऱ्याकडील एखाद्या गावी मुक्कामास यावे. कुडाच्या भिंती, वर कवेलू, दोहोंमध्ये मोकळी फट, आणि शेजारी बोडीवरून येणारा गारठा. रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा घरातील म्हातारी माणसे आणि तान्ही मुले चुलीपाशीच निजतात. अंगणात शेकोटी पेटते. छत्तीसगढच्या सीमेकडे मातीच्या गोरसीत निखारे घालून ती खाटेजवळ ठेवतात. म्हणजे आपल्याकडे चुलीला दोन कामे आहेत. ती रांधते आणि ऊबही देते. हे दुसरे काम विसरल्यामुळे पुष्कळ घोटाळे झाले आहेत, त्याविषयी पुढे येईलच.

आता लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. ज्वाला लाकडाची असते अशी आपली समजूत असते. खरे पाहता ज्वाला लाकडातून निघालेल्या वायूची असते. काडी चुलीत सरकवली की प्रथम तिच्यातील पाणी वाफ होऊन निघते. पाणी आहे तोवर ती फारशी तापतच नाही. पाणी संपले आणि उष्णता सुमारे अडीचशे-तीनशे अंशांवर गेली की लाकूड फुटू लागते, आणि त्यातून ज्वालाग्राही वायू व डांबरासारख्या द्रव्यांची वाफ बाहेर पडते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा असा वायुरूपाने जातो. मागे जो राहतो तो कोळसा.

या वायूंना पूर्ण जळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: सुमारे सहाशे अंशांची धग आणि पुरेशी हवा. दोहोंपैकी एक जरी कमी पडली तरी ते न जळताच निघून जातात. आपण ज्याला धूर म्हणतो तो हाच. म्हणजे धूर हा जळण्याचा पुरावा नसून न जळण्याचा पुरावा आहे! जे सरपण दोन कोस चालून आणले, त्यातील मोठा वाटा कवेलूंच्या फटींतून आकाशात गेला, आणि जाताना डोळे लाल करून गेला. याचा पडताळा प्रत्येक घरात रोज येतो. चूल धुपत असताना फुंकणीने दोन फुंका मारल्या की एकदम भपकन जाळ होतो आणि धूर नाहीसा होतो. तो धूर कोठे जात नाही, तोच पेटतो. आपल्या आज्या-पणज्या फुंकणीने हवा पुरवून हे शास्त्र रोज करीत आल्या आहेत, फक्त त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही.

हे तत्त्व ध्यानात आले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. ओले सरपण का वाईट? नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. वीस किलोची ओली मोळी डोक्यावर घेतली तर त्यात दहा किलो पाणीच वाहिले. शिवाय हे पाणी वाफ करून घालवायला सुमारे सहा हजार किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे जवळजवळ दीड किलो कोरड्या लाकडाची सारी उष्णता त्यातच गेली. एवढेच नुकसान असते तर एक वेळ चालून गेले असते. परंतु त्या वाफेमुळे जाळाची धग उतरते, वायू पेटत नाहीत आणि खरे नुकसान धुराच्या रूपाने होते. तेव्हा सरपण होळीच्या आधीपासून गोळा करून, फोडून, जमिनीपासून उचलून, वळचणीखाली मोकळे रचावे. आपला उन्हाळा कितीही जाचक असला तरी लाकूड वाळवायला त्याच्यासारखा दुसरा कारागीर नाही. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, आणि दोन फाटे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते. पावसाळ्यासाठी ज्यांनी मे महिन्यात रास केली नाही त्यांच्या घरी श्रावणात काय हाल होतात हे मी येथे सांगायला नको.

कोणते लाकूड चांगले, यावर आमच्या गावात वादच होत नाही. धावडा आणि ऐन. यांचे लाकूड घट्ट, जड. निखारा पहाटेपर्यंत टिकतो. सालई, पळस हे हलके, भरकन जळून जाणारे. वजनाच्या हिशेबाने मात्र कोरड्या लाकडांच्या उष्णतेत फारसा फरक नसतो. फरक असतो तो एका फाट्यात किती वजन मावते त्याचा. म्हणून चहापुरता जाळ हवा असेल तर बांबूचे तुकडे किंवा तुराट्या, आणि रात्रभर ऊब हवी असेल तर धावडा. वरोरा-भद्रावतीकडे कापसाचा भाग, तिकडे पऱ्हाट्यांवर स्वयंपाक होतो. मोहाला मात्र कोणी हात लावीत नाही. जो दरवर्षी फुले देतो त्याला जाळणार कोण?

आता चुलीच्या रचनेकडे वळू. आपली साधी चूल शंभर भाग उष्णतेतील जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्याला देते. बाकीची तोंडातून, भांड्याच्या बाजूने आणि मातीत जाते. ओंडका फोडण्याचा कंटाळा म्हणून तो तसाच सरकवला, तर पेटायला वेळ लागतो. आणि चूल ठासून भरली तर वायू पुष्कळ व हवा थोडी असे होते. भांडे फार खाली बसले तर त्याच्या थंड बुडाला लागून ज्वाला अर्धवट विझते आणि काजळी धरते. फार वर ठेवले तर धग वाऱ्यावर जाते. सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणजे चुलीत खाली लोखंडी जाळी बसवणे. लाकूड जाळीवर राहते, राख खाली पडते आणि हवा खालून निखाऱ्यांतून वर येते. अशी रचना आपल्या परिचयाची आहेच. पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवावा. खाली जाळी, मध्ये उभी नळी, नळीत जाळ, सभोवती पाणी. नळी धुराड्याचे काम करते म्हणून हवा आपोआप ओढली जाते, आणि चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे उष्णता फुकट जात नाही. मूठभर ढलप्यांवर अख्ख्या घराचे पाणी तापते. ज्या कारागिरांनी बंब घडवला त्यांना चुलीचे मर्म कळले होते. मग पुरुषांच्या स्नानाच्या पाण्याला जी अक्कल खर्च झाली ती बायकांच्या चुलीला का झाली नाही, असा प्रश्न माझ्या मनात येतो. असो.

प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नव्हे. शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीतून त्याचे काम चालवले. धुराडे असलेली 'मगन चूल' ही तेथलीच. पुढे हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये बंद झाला तोपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. पुण्याच्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने महाराष्ट्रात या कामी बरीच मेहनत घेतली. साच्यातून घडवायची, दोन भांड्यांची 'लक्ष्मी' चूल त्यांनी गावोगावी नेली.

मग या चुली गेल्या कोठे? आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधी अशी एक चूल बसली होती. आजी सांगते, माणसे आली, एका दुपारात चूल घालून, सही घेऊन गेली. तोंड लहान, आमचे फाटे लांब. पाइप काजळीने भरतो व तो साफ करावा लागतो हे कोणी सांगितले नाही. कवेलूंतून पाइप काढला तेथे पहिल्याच पावसात गळू लागले. एका वर्षात तिची जागा जुन्या चुलीने घेतली आणि सिमेंटचा पाइप सांदवाडीत वालाच्या वेलाला आधार म्हणून उभा राहिला. हे आमच्याच घरचे दुर्दैव असेल असे मला वाटे. परंतु ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अभ्यासकांनी चार वर्षे पाहणी केली, तीत हेच दिसले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर निगा न राहिल्यामुळे फायदा उरला नाही. चूल बसवणे आणि चूल चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आता उबेविषयी. आपली जाड मातीची चूल रांधताना पुष्कळ उष्णता पिऊन टाकते. सुधारकाच्या वहीत ती वाया गेलेली असते. पण रात्री चूल विझल्यावर तीच माती हळूहळू ती परत देते, आणि तिच्याच आधाराने आजी झोपते. रशिया, फिनलंड या थंड देशांत तर विटांच्या अवजड भट्ट्या याच हेतूने बांधतात. थोडा वेळ जोरदार, स्वच्छ जाळ करायचा आणि त्याची ऊब तासन्‌तास घ्यायची. आपणही हिवाळ्यात धुपणारा ओंडका रात्रभर ठेवण्यापेक्षा संध्याकाळी कोरड्या फाट्यांचा मोकळा जाळ करून चुलीची भिंत तापवावी, हे अधिक बरे. निखाऱ्यांच्या शेगडीबाबत मात्र विशेष सावध राहिले पाहिजे. तिच्यातून धूर दिसत नाही, परंतु कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या प्रत्येक हिवाळ्यात येतात. कुडाच्या घरात निदान फटी होत्या. आता सिमेंटच्या पक्क्या खोल्या झाल्या आहेत आणि शेगडी तीच आहे.

धुराचे दुष्परिणाम केवळ डोळ्यांवर होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. लहान मुलांच्या न्यूमोनियाशीही या धुराचा संबंध तिने नोंदवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटवून दाखवले. ते संशोधन १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. औषध बाळापर्यंत पोचले हे मोठेच काम. परंतु त्याच बाळाला मांडीवर घेऊन आई चुलीपुढे बसते, तेथपर्यंत कोण पोचणार?

गॅस आला आहे, हे खरे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, आणि वनविभागानेही जंगलालगतच्या गावांत जोडण्या दिल्या. त्यामागे वाघाचेही कारण आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत सरपणाला जाणे हे जिवावरचे काम झाले आहे. तथापि सिलिंडर एकदा रिकामे झाले की मजुरीच्या पैशांत ते पुन्हा भरणे जमेलच असे नाही. चहा गॅसवर, भात आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी बहुतेक घरांत आहे. गॅसच्या शेगडीपाशी कोणी शेकतही नाही. म्हणून चूल जाणार आहे असे धरून तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला पटत नाही. चूल कमी सरपण खाऊ लागली तर जंगलातील फेऱ्या कमी होतील, आणि वाघाच्या वाटेवर आई आठवड्यातून चारदा न जाता दोनदा जाईल. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

आपल्या गावांना निस्ताराचा हक्क जुना आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसे राखायचे हे जी ग्रामसभा ठरवू शकते, ती गावातील चुलीही मनावर घेऊ शकेल असे मला वाटते. जाळी लोहाराकडून, माती गावची, आणि तोंड किती रुंद ठेवायचे ते रांधणारीला विचारून. काजळी काढण्याचा दिवस आठवड्याच्या बाजाराला जोडून ठरवावा. चूल नीट चालते की नाही हे अंगणातूनही कळते. पेटवल्यावर दहा मिनिटांनी धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसता कामा नये.

या सगळ्यावर आमच्या आजीचा एक आक्षेप आहे, तो नोंदवला पाहिजे. ती म्हणते, "धूर गेला त बांबूले भुंगा लागन." यात तथ्य आहे. धुराने काळे झालेले छताचे बांबू वर्षानुवर्षे टिकतात. त्यावर उपाय असा की बांबू छताला घालण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावेत. त्यातील पिठूळ द्रव्य निघून जाते आणि भुंग्याला खायला फारसे उरत नाही. आमच्याकडील जुन्या कारागिरांना हे ठाऊक आहे. आजीला हे मान्य झाले आहे. परंतु चुलीवर बियाण्यासाठी टांगलेल्या मक्याच्या कणसांना धुराशिवाय किडीपासून कसे वाचवायचे, हा तिचा दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.