ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चेनसॉ?

प्रश्न : ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. बाभळीचं सरपण कापायला त्याच्या हायड्रॉलिकवर चालणारा चेनसॉ घरीच बनवावा म्हणतो. जमेल का?
– एक शेतकरी, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : जमेल, पण आधी गणित मांडा. समजा, पंप मिनिटाला २५ लिटर तेल देतो. ८ सीसीची मोटर लावली तर फेरे जेमतेम ३,०००. सात दातांच्या, ०.४०४ इंच पिचच्या स्प्रॉकेटवर चेन सेकंदाला सातेक मीटर धावेल. पेट्रोलच्या चेनसॉची वीसच्या आसपास धावते. बाभूळ कापेल, पण रडतखडत. छोटी मोटर घेतली तर वेग वाढेल, जोर घटेल आणि वाळक्या ओंडक्यात चेन अडेल.

स्प्रॉकेट थेट मोटरच्या शाफ्टवर नको. चेनच्या ओढीनं सील जातं, तेल गळू लागतं. वेगळा शाफ्ट, दोन्ही बाजूंना बेअरिंग, मग कपलिंग.

खरी भीती चेन तुटण्याची. सुटलेली कडी गोळीसारखी येते. जाड पत्र्याचं आवरण हवंच, आणि पट्टीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरंसोरं तर मुळीच नाही. लिव्हर सोडताच चेन थांबेल असा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लावा.

मला विचाराल तर पीटीओवर पट्ट्यानं फिरणारी, आवरण घातलेली गोल करवत बरी. पाथरीतला लेथवाला ती सहज जुळवून देईल.