आजी कुठे आहे?



नोव्हेंबर महिन्यात दफनभूमीत मेणबत्त्या लावताना एखादे लहान मूल हमखास विचारते, "आजी इथे आहे की स्वर्गात?" आपण आकाशाकडे बोट दाखवतो आणि सुटका करून घेतो. पण एखाद्या ठिकाणी 'असणे' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४-३२२) म्हणतो, वस्तूची जागा म्हणजे तिला वेढणाऱ्या पदार्थाची आतली, न हलणारी कड. घागरीतल्या पाण्याची जागा घागर, असे आपण म्हणू. पण घागर डोक्यावर घेऊन कोणी चालू लागले तर? त्याने नदीतल्या होडीचे उदाहरण दिले. होडीभोवतालचे पाणी सारखे वाहते, म्हणून तिची जागा म्हणजे अख्खी नदी. आणि सगळ्या विश्वाला वेढणारे बाहेर काहीच नाही, तेव्हा विश्वाला स्वतःची जागाच नाही, हेही त्याने मान्य केले!

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार घेतला, पण तो भौतिक वस्तूंपुरता ठेवला. आत्मा शरीरात कोंडलेला नसतो. उलट आत्माच शरीराला धरून ठेवतो. परमेश्वर सर्वत्र आहे तो हवेसारखा पसरून नव्हे, तर प्रत्येक वस्तूला अस्तित्व देऊन. परमप्रसादात ख्रिस्ताचे शरीर खरोखर आहे, पण जागा व्यापणाऱ्या वस्तूसारखे नाही. म्हणून पवित्र भाकर मोडली तरी प्रत्येक तुकड्यात ख्रिस्त संपूर्ण असतो. (हे आम्हालाही दोनदा वाचावे लागले.)

पुढे १६८७ साली न्यूटनने अवकाश स्वतंत्र आणि अचल मानला. लायब्निझला ते पटले नाही. १७१५-१६ मधील पत्रांत त्याने लिहिले की अवकाश ही वेगळी वस्तू नाही, ती एकत्र असणाऱ्या वस्तूंमधील परस्परसंबंधांची व्यवस्था आहे. लायब्निझ स्वर्गाविषयी बोलत नव्हता. तरी २१ जुलै १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले की स्वर्ग हे ढगांमधले ठिकाण नव्हे, ते पवित्र त्रैक्याशी असलेले जिवंत नाते आहे, तेव्हा आम्हाला लायब्निझच आठवला.

मग मुलाला काय सांगावे? आजी देवाजवळ आहे, एवढे नक्की. मात्र हे 'जवळ' बोटाने दाखवता येत नाही. परंतु देहाच्या पुनरुत्थानावरही आपली श्रद्धा आहे. त्यामुळे 'कुठे' हा प्रश्न सोडूनही देता येत नाही, आणि आपण ती साडेतीन हात माती झाडतो, तिच्यावर फुले ठेवतो.