मोटारीच्या एसीतील बारीक गळती

फाटक्या पोत्यात वरून धान्य ओतीत राहणे हा व्यवहार नव्हे, हे आपल्या दुकानातील नवशिका हमालही जाणतो. परंतु बेळगावाहून सांगलीच्या बाजारास जाणाऱ्या आमच्या मोटारीच्या बाबतीत आम्ही दोन उन्हाळे नेमके तेच केले. गार हवा येईनाशी झाली की गॅरेजात गॅस भरावा, काही आठवडे सुखाने जावे, आणि पुन्हा तीच तक्रार. तीन वेळा भरणे झाले आणि अखेर कॉम्प्रेसरच जाम झाला. त्याचा खर्च तिन्ही भरण्यांच्या कितीतरी पट आला. तो धडा व्यापारीबंधूंपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, एसीचा गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुनःपुन्हा फिरतो. रबरी नळ्यांतून व जोडांतून वर्षानुवर्षांत तो किंचित झिरपतो हे खरे. परंतु एकाच हंगामात गारवा गेला तर गळती आहे असेच समजावे. कॉम्प्रेसरला लागणारे तेलही या गॅसबरोबरच फिरते. गॅस घटला की तेल पुरेसे परतत नाही व कॉम्प्रेसर कोरडा झिजतो. आमचे नुकसान झाले ते असे.

गळती शोधण्याची खूणही तेलच देते. जेथून गॅस निसटतो तेथे तेलकट डाग पडून धूळ चिकटते. पुढील कंडेन्सरला रस्त्यावरचे खडे लागतात. जोडांतील ओ-रिंग कडक होतात. गॅस भरावयाच्या तोंडातील व्हॉल्व्ह सैल होतो. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील झिजते. साबणाच्या फेसाने मोठी गळती कळते. बारीक गळतीस इलेक्ट्रॉनिक यंत्र लावावे, अथवा रंगद्रव्य घालून काही दिवस गाडी चालवावी व अतिनील दिव्याखाली पाहावे. यंत्रणा रिकामी असल्यास नायट्रोजनच्या दाबाने तपासावे.

दोष ओ-रिंगचा असेल तर काम स्वल्प खर्चात होते. बाटलीतील गळतीरोधक द्रव घालण्याचा मोह टाळावा. तो आतील बारीक मार्ग तुंबवू शकतो. दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी, आणि पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो की नाही हे समक्ष पाहावे. नंतर बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस तोलून भरावा. धान्य अंदाजाने न घेणाऱ्या आपण गॅस मात्र अंदाजाने का घ्यावा? तो अधिक झाला तरी गारवा घटतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याची सूचना कोणी केल्यास ती साफ नाकारावी. तो पेट घेतो.

हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न नाही. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला, त्यानंतर मोटारींतील आर-१२ हा गॅस जाऊन आर-१३४ए आला. हा ओझोनास मारक नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. म्हणजे अर्धा किलो सुटला तर सुमारे सातशे किलोंचे ओझे वातावरणावर पडते. जुना गॅसही हवेत न सोडता यंत्राने काढून घेणारे गॅरेज निवडावे.

तात्पर्य, पावती करण्यापूर्वी कारागिरास एकच प्रश्न विचारावा: "गॅस गेला कोठून?" उत्तर मिळाल्यावाचून भरणे करू नये.