परदेशगमन आणि औषधांची पेटी



आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परदेशीं जातात, आणि पुढें त्यांचे आईबापही त्यांस भेटावयास विमानानें जाऊन येतात. अशा वेळीं लाडू, चिवडा व लोणचें यांची बांधाबांध आठ दिवस चालते; औषधांची पेटी मात्र शेवटच्या रात्रीं घाईघाईनें भरली जाते. ह्या हयगयीचें फळ मीं स्वतः चाखलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मी वृद्ध वडिलांस घेऊन दुबई येथें धाकट्या बंधूकडे गेलों. वडिलांस रक्तदाबाचा विकार होता. त्यांच्या सर्व गोळ्या मीं मोठ्या पेटींत घातल्या व ती पेटी विमानकंपनीच्या स्वाधीन केली. आम्ही पोंचलों, पेटी दोन दिवस मागें राहिली. दुसरे दिवशीं वडिलांचें डोकें जड झालें. मी औषधांच्या दुकानीं धांवलों. दुकानदारानें औषधाचें नांव विचारिलें. “गोळी लहान व पांढरी आहे,” यापलीकडे मला कांहींच सांगतां आलें नाहीं. त्यानें गोळी दिली नाहीं, आणि तें योग्यच केलें. इतरांस शिकविणाऱ्या मला बापाच्या औषधाचें नांव ठाऊक नसावें, याची मला फार लाज वाटली. त्या दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन वेळ निभावली. तेव्हांपासून मी पुढील चार नियम पाळीत आलों आहें.

१. रोजचें औषध हातांतील पिशवींत ठेवावें. प्रवासाचे दिवस मोजून त्यांवर आठवड्याचें औषध अधिक घ्यावें. इन्शुलिन तर सामानाच्या कोठारांत कधींच देऊं नये. तेथें तें गोठून निकामी होण्याची भीति असते. बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली आंत नेऊं देत नाहींत. जरूरीच्या औषधास सवलत असते, परंतु तें आपण होऊन अधिकाऱ्यांस दाखवावें. कात्री मात्र मोठ्या पेटींत ठेवावी.

२. नांव व कागद बरोबर असावेत. गोळ्या मूळ वेष्टणांतून काढूं नयेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचें व्यापारी नांव व मूळ नांव, दोन्ही लिहून घ्यावीं. कारण व्यापारी नांव देशोदेशीं बदलतें. क्वचित् मूळ नांवही बदलतें. आपल्याकडील पॅरासिटामॉल अमेरिकेंत ॲसिटामिनोफेन या नांवानें मिळतें.

३. त्या देशाचा कायदा आधीं पाहावा. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध संयुक्त अरब अमिरातींत नेण्यास पूर्वपरवानगी लागते. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिन शेंकडा १० हून अधिक असतें, तें जपानांत नेण्यास मनाई आहे. अमिरातींत खसखसही निषिद्ध आहे. तेव्हां आजीनें प्रेमानें दिलेले अनारसे घरींच खाऊन निघावें!

४. ज्याचा उपयोग ठाऊक तेंच घ्यावें. पेटींत निर्जंतुक कापडाच्या घड्या, गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचें मलम, चिमटा, बिनपाऱ्याचा तापमापक, पॅरासिटामॉल व जलसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. जखम प्रथम स्वच्छ पाण्यानें धुवावी. रक्त वाहत असल्यास घडी ठेवून दाबून धरावें. भाजल्यास त्या जागीं २० मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें. बर्फ किंवा दंतमंजन लावूं नये. डेंग्यूचा संशय असल्यास ॲस्पिरिन घेऊं नये, त्यानें रक्तस्रावाचें भय वाढतें. प्रतिजैविकें स्वतःच्या मतानें घेऊं नयेत.

ह्या सर्वांत जलसंजीवनी सर्वांत स्वस्त, पण तिची योग्यता मोठी. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत पश्चिम बंगालमधील बनगाव येथें निर्वासितांत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें पाणी रोग्यांच्या आप्तांकरवीं त्यांस पाजविलें, आणि असंख्य प्राण वांचले. आंतड्यांत साखरेबरोबर मीठ शोषलें जातें व त्यांच्यामागून पाणीही शरीरांत जातें, हें त्याचें कारण. मात्र पुडीवर लिहिलें असेल तितकेंच पाणी घ्यावें. कमी पाण्यांत केलेलें मिश्रण अपायकारक होतें.

पेटीलाही मर्यादा आहे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, परंतु तेवढ्यावर न थांबतां त्याच दिवशीं लस घेण्यास जावें. छातींत कळ येणें, शुद्ध हरपणें, श्वास कोंडणें, अशा वेळीं पेटी उघडीत बसूं नये; रुग्णवाहिका बोलवावी. तिचा क्रमांक निघण्यापूर्वींच लिहून ठेवावा. युरोपांत तो ११२, अमिरातींत ९९८ आहे.

प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांतील शोमरोनी प्रवाशाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, त्यांचा उपयोग त्यास ठाऊक होता, आणि जखमा बांधून झाल्यावर तो थांबला नाहीं. त्यानें जखमी मनुष्यास उतारशाळेंत पोंचवून त्याची पुढील व्यवस्था लावून दिली. प्रथमोपचाराचें सर्व शास्त्र त्या तीन गोष्टींत आहे. आणि त्यानें तें तेल आपल्यासाठीं बरोबर घेतलें होतें, तरी कामास आलें परक्याच्या, हेंही विसरूं नका.

अभ्यास
१. आपल्या घरांतील वडील माणसें कोणतीं औषधें घेतात? त्यांचीं मूळ नांवें विचारून एका कागदावर लिहा.
२. पुडीवर लिहिल्याहून कमी पाण्यांत जलसंजीवनी कां कालवूं नये?
३. कोणत्या प्रसंगीं औषधांची पेटी न उघडतां मदत बोलवावी?