ठरवायचं काही शिल्लक ठेव

अगं, एवढी धास्ती कशाला घेतेस? मध्यरात्री पावसात लाइन चार्ज करायची जबाबदारी तू एकटीनं पेलतेस, आणि गावासमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो म्हणतेस. ये, जरा बस. एकेक करून बोलू.

तुझ्या उपकेंद्रावरचा शेतीचा फीडर सौर प्रकल्पावर न्यायचाय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून. जागा पक्की व्हायचीय. सरपंच, तलाठी, पंपवाले शेतकरी, प्रकल्प उभारणारी कंपनी आणि तुमच्याच खात्यातली माणसं, सगळ्यांना तू एकत्र बसवायचंस. तू मला विचारलंस, ‘ताई, सभा घेऊ कशी?’ त्याआधी मला सांग, त्या सभेत ठरवायचं काय शिल्लक आहे? जागा वर ठरलेली, तारांचा मार्ग ठरलेला, विजेच्या वेळाही ठरलेल्या असतील, तर ती सभा नव्हे, ती सूचना. सूचना फलकावर लाव. माणसांचा दिवस मोडू नकोस.

हे मी तावातावानं बोलतेय, कारण वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांपासून मारुतीच्या देवळातल्या बैठकांपर्यंत मी एकच गोष्ट पाहत आलेय. माणूस थोडं नुकसान सोसतो. ठरल्यानंतर बोलावलेलं मात्र तो सोसत नाही. स्मार्ट मीटरचं काय झालं आठव. २०२३ मध्ये कंत्राटं दिली गेली, आणि घरोघरच्या माणसाला कळलं ते त्यानंतर. २०२४ च्या उन्हाळ्यात राज्यभर विरोध पेटला, तेव्हा जूनमध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीसांना जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही. मीटर चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेव. तासातासाचा वापर दाखवणारा मीटर ग्रिडला हवाच आहे. दुपारी ऊन असताना वीज मुबलक असते आणि संध्याकाळी ओढाताण होते, हे ग्राहकापर्यंत पोचवायला दुसरं साधन नाही. पण पैसे आधी भरायचे की नंतर, बिलाची शंका आली तर कोणाकडे जायचं, जुन्या मीटरवर वाचन घेणाऱ्या पोरांच्या कामाचं काय, हे प्रश्न आधी कोणी मांडले असते, तर चांगल्या यंत्रावर संशयाचा शिक्का बसला नसता.

आता उलटं उदाहरण सांगते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. २००६ सालचं पुणं. राज्यभर लोडशेडिंग. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रं होती. उद्योजकांच्या सीआयआय या संघटनेनं तयारी दाखवली, की टंचाईच्या तासांत आम्ही आमची जनित्रं चालवतो. तेवढी ग्रिडची वीज सुटली की ती शहराला मिळेल. पण डिझेलची वीज महाग. जादा खर्च कोणी द्यायचा? इथं खरं काम सुरू झालं. महावितरणनं प्रस्ताव नेला, वीज नियामक आयोगानं जाहीर सुनावणी घेतली, प्रयाससारख्या अभ्यासू संस्थेनं आकडेमोड तपासली, ग्राहक संघटना बोलल्या. ठरलं असं, की जास्त वापर असलेल्यांनी युनिटमागे जादा आकार द्यायचा, कमी वापराच्या घरांवर बोजा टाकायचा नाही. कारखानदार, वीज कंपनी, आयोग, ग्राहक, प्रत्येकाकडे देण्यासारखं काहीतरी होतं आणि नाही म्हणायची मुभाही होती. म्हणून ते उभं राहिलं.

यातही एक सल राहिलीच. पुण्यात दिवे लागले, आणि तिथून तासाभराच्या वाटेवरची गावं अंधारात होती. त्यांची वीज कोणी काढून घेतली नव्हती, हे खरं. पण त्या सुनावणीच्या खोलीत खेड्यातला शेतकरी जवळजवळ नव्हता, हेही खरं. म्हणून मी सभेत शिरले की पहिल्यांदा बघते, इथं कोण आलेलं नाही.

तुझ्या सभेला कोण येणार नाही, ते मी आत्ताच सांगते. पंपवाला शेतकरी येईल, तो येणारच. रात्रपाळीच्या विजेनं तो मेटाकुटीला आलाय. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि बाकीचे दिवस रात्री वीज. थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायची, पायाखाली साप, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती. दिवसा वीज म्हणजे त्याला जिवाची हमी आहे, तो तुझ्या बाजूनं उभा राहील. पण शेतवस्तीवरची माणसं? गावठाणाचा फीडर वेगळा झाला तेव्हा गावातल्या घरांना चोवीस तास वीज मिळाली. शेतात घर बांधून राहिलेली कुटुंबं मात्र शेतीच्याच फीडरवर राहिली. शेतीला तीन फेज दिवसा दिली, की रात्री त्यांच्या घरातला दिवा कशावर लागणार? सिंगल फेज चालू ठेवणार का? कशी? हा प्रश्न तुझ्या नकाशावर दिसत नाही. तो त्या घरातल्या बाईला विचारावा लागतो, आणि ती सभेला येत नाही, कारण सभा सकाळी अकराला असते आणि ती खुरपायला गेलेली असते. तू तिच्याकडे जा. संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी. वस्तीवर दोन घरं फिरलीस तरी तुला कळेल की पिण्याच्या पाण्याचा पंप कोणत्या फीडरवर आहे, दळण कधी होतं, पोरं अभ्यास कधी करतात. नळपाणी योजनेचा पंप शेतीच्या फीडरवर असेल, तर तुझ्या नव्या वेळापत्रकानं बायांची पाण्याची वेळ बदलणार आहे. हे त्यांना सांगणार कोण?

दुसरी न येणारी माणसं गायरानावरची. सौर प्रकल्पाला सरकारी जमीन सोयीची, म्हणून बोट आधी गायरानाकडे जातं. कागदावर ती जमीन मोकळी असते. प्रत्यक्षात तिथं शेळ्या-मेंढ्या चरतात, आणि अनेक गावांत भूमिहीन कुटुंबं, बहुतेक दलित आणि आदिवासी, पिढ्यान्‌पिढ्या ती कसून खातात. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून त्यांना नोटीस जात नाही. जेसीबी आल्यावर त्यांना कळतं. तू तुझ्या परीनं हे होऊ देऊ नकोस. जागा सुचवायच्या आधी तलाठ्याबरोबर गट नंबर घेऊन चालत जा. शिवार पायांनी बघ. त्याच उपकेंद्राजवळ एखाद्या शेतकऱ्याची मुरमाड जमीन भाड्यानं मिळते का ते विचार. योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. कोरडवाहू माळाला हे उत्पन्न वाईट नाही. ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख, असं तीन वर्षं मिळतं. हे आकडे तू स्वतः मोठ्यानं सांग, कागदावर लिहून दे. ते पैसे कशावर खर्च व्हावेत हे गावाला ठरवू दे. बघ, इथं ठरवायला काहीतरी शिल्लक निघालंच.

आणि तुझे लाइनमन. त्यांना सभेत मागं उभं करू नकोस, शेजारी बसव. कोणत्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीजचोरीचे किती आकडे आहेत, कोण कोणाच्या बांधावरून तार नेऊ देत नाही, कोणता पंप शेवटच्या टोकाला आहे आणि तिथं व्होल्टेज का पडतं, ही सगळी माहिती त्यांच्या डोक्यात असते. आराखड्यात ती नसते.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी तुला इतकी सरावाची आहे की सांगायची राहून जाईल. ऊन आहे आणि तरी वीज नाही, असं होणार. फीडर ट्रिप झाला किंवा उपकेंद्राचा पुरवठाच गेला, की सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टरही बंद पडतो. बंद लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती सोय आहे. पण भर दुपारी पॅनेल चमकताना बघून पंप बंद असलेला शेतकरी म्हणेल, आम्हाला फसवलं. हे पहिल्याच सभेत सांग. ढगाळ दिवशी वीज ग्रिडवरून येईल, हेही सांग. आणि ऑटो-स्विचबद्दल सांग. लाइन आली की सगळे पंप एका क्षणी सुरू होतात, डीपीवर झटका बसतो आणि डीपी जळते. कपॅसिटर लावा, ऑटो-स्विच काढा, हे महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. पण ‘काढा’ म्हणून उपयोग नाही. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना आपसात पाळी ठरवू दे.

गावं असं ठरवू शकतात का, ही शंका मनात आणू नकोस. लोडशेडिंगच्या काळात अक्षय प्रकाश योजना होती. गावानं ठराव करायचा की संध्याकाळी पंप चालवणार नाही, आकडे काढू, शेगडी-हीटर लावणार नाही. त्या बदल्यात दिव्यांपुरती वीज चालू राहायची. त्यासाठी कुठलं नवं यंत्र नव्हतं, शेजाऱ्याचा पंप बंद आहे की नाही हे शेजारीच बघायचा. कितीतरी गावांनी ते निभावलं. वीज कंपनीनं शब्द पाळला तोवर गावांनीही पाळला, एवढं लक्षात ठेव.

म्हणून सभेच्या सुरुवातीलाच दोन याद्या वाच. पहिली, काय बदलता येणार नाही: सुरक्षा अंतर, उपकेंद्राची क्षमता, आयोगानं मंजूर केलेला दर. दुसरी, काय तुमच्या हाती आहे: तारांचा मार्ग, पाळ्या, वस्तीच्या दिव्याची सोय, पंचायतीच्या पैशाचा विनियोग. कोणी दर कमी करा म्हणालं, तर हात झटकू नकोस. तिथं विद्युत कायदा २००३ कामी येतो. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती विचारात घेणं आयोगाला बंधनकारक आहे. आयोगाच्या सल्लागार समितीत शेती, कामगार, ग्राहक यांचे प्रतिनिधी असावेत असंही कायदा सांगतो. त्या हरकती कशा लिहायच्या, हे गावातल्या एका शिकलेल्या पोरीला शिकव. तुझ्या खात्याविरुद्ध ती लिहील, लिहू दे. लिहून आलेल्या तक्रारीशी बोलता येतं.

कंपनीच्या माणसाला मात्र सभेत गोड बोलून सटकू देऊ नकोस. पॅनेल धुवायला पाणी कुठून घेणार, कुंपणामुळं बैलगाडीची वाट बंद होणार का, बिघाड झाला तर फोन कोणाला, स्थानिक पोरांना काम देणार तर किती जणांना आणि किती दिवस, हे सगळं इतिवृत्तात त्याच्या नावासमोर लिही. इतिवृत्त मराठीत, आठवड्याच्या आत, चावडीवर. कोणाचा विरोध असेल तर तोही त्याच्या शब्दांत लिही, गुळगुळीत करू नकोस.

जमलं तर आधी दहा-बारा जणांना जीपमध्ये घालून वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ने. तिथला तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. बरोबर विरोध करणारे घे, आणि वस्तीवरच्या दोन बाया घे. तिथल्या शेतकऱ्याशी त्यांना बोलू दे, तू लांब उभी राहा.

आणि प्रकल्प सुरू झाला की तुझी बदली झाली तरी एक सभा घ्यायला लाव, पहिला उन्हाळा सरल्यावर. फळ्यावर तीनच रकाने आखायला सांग: महिना, ठरलेले तास, मिळालेले तास. मिळालेले तास शेतकऱ्यांनी सांगायचे आणि उपकेंद्रातली नोंद शेजारी वाचायची. दोन्ही जुळले नाहीत, तर त्या दिवशी बोलायला पुरेसं आहे.