जाण्यायेण्याचा हेतू : मराठीतील वाक्यरचना

माणूस कोठे जातो हे सांगणे सोपे असते; कशासाठी जातो हे नेमके सांगण्यास भाषेला स्वतंत्र साधने लागतात. मराठीत अशी तीन साधने नित्य वापरात आहेत.

पहिले साधन क्रियापदाचे. ‘करावयास’ हे जुने लेखी रूप. बोलण्यात त्याचे ‘करायला’ झाले. ‘आई नदीवर कपडे धुवायला गेली’ या वाक्यात जाणारी आणि धुणारी एकच आहे. कोरियन भाषेत या कामी ‘-रॉ’ हा प्रत्यय योजतात. मात्र तो जाणे, येणे अशा गतिवाचक क्रियापदांबरोबरच येतो. मराठीतील रूप अधिक मोकळे आहे. ‘लिहायला लागला’, ‘पोहायला शिकला’ अशीही वाक्ये त्यातून होतात.

दुसरे साधन नामाचे. ‘तो कळसाडीहून शहाद्याला बाजाराला गेला.’ येथे ‘ला’ दोनदा आला आहे. पहिला ठिकाण दाखवितो, दुसरा प्रयोजन.

तिसरे साधन ‘साठी’ व ‘करिता’ यांचे. ते कोणत्याही क्रियेस चालते : ‘पाणी अडविण्यासाठी बांध घातला.’ हेतूतील क्रिया दुसऱ्याने करावयाची असल्यास ‘म्हणून’ उपयोगी पडते : ‘मुलीने शिकावे म्हणून आई गावी राहिली.’

हेतू सांगितला म्हणजे कार्य झाले, असे मात्र नव्हे. ‘दाखला घ्यायला आला’ आणि ‘दाखला घेऊन गेला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

हेतू कोणाचा, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. हजेरीपटावर ‘मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला’ असे लिहिल्यास तो हेतू मुलालाही चिकटतो आणि विद्यार्थी मजूर ठरतो. ‘ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मुलगा गेला’ असे लिहिल्यास हेतू आईवडिलांपाशीच राहतो. शब्द जवळजवळ तेच. रचना तेवढी बदलली.

२००९ च्या अधिनियमाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. मूल गावीच राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृह, गेलेच असेल तर तेथील शाळेत प्रवेश, असे मार्ग असतात. ते शोधण्याची सुरुवात अचूक नोंदीपासून होते.