कळपाशी पिल्लाची पहिली ओळख



सुगी आटोपून राने मोकळी झाली, की निपाणीच्या आसपासच्या शिवारांत धनगरांचे तळ पडू लागतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळतो. हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. परंतु तळाच्या कडेला पडून राहिलेल्या कुत्र्याकडे कितीकांचे लक्ष गेले असेल? आम्ही समुद्रकाठी वाढलो. आमच्या कोकणी घरात ‘सुणें’ म्हणजे अंगणात लोळणारा आणि माशांच्या काट्यांची वाट पाहणारा प्राणी. त्यालाही रीतसर शिक्षण असते, हे आम्हांस इकडे आल्यावर कळले.

आमच्या वर्गातील एका धनगर विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही दहा-बारा मुलांसह त्याच्या आजोबांच्या तळावर गेलो होतो. तेथे चारेक महिन्यांचे एक पिल्लू कोकराच्या मागे धावत होते. कोकरू वळले की पिल्लू वळे, कोकरू अडखळले की पिल्लू त्याची शेपटी धरू पाही. मुलांनी टाळ्या पिटल्या, आम्हीही हसलो. आजोबांनी मात्र मुकाट्याने उठून पिल्लाला दोरी लावली आणि ते म्हणाले, “गुर्जी, आज खेळ म्हनून हसलासा, उद्या ह्यानं कोकराचा गळा धरला तर बोल कुनाला लावशीला?”

आम्ही वरमलो. कळपातले जनावर चावणाऱ्या कुत्र्याला तळावर जागा नसते, हे त्यांनी मग सांगितले. म्हणजे आमच्या टाळ्यांनी त्या मुक्या जिवाचे घर जाण्याचीच वेळ आली असती.

पिल्लू कोकरामागे का धावते? ते दुष्ट असते म्हणून नव्हे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे होत. भक्ष्यावर नजर रोखणे, दबत दबत पुढे सरणे, पाठलाग करणे आणि शेवटी चावा घेणे, ही लांडग्याच्या शिकारीची क्रमवार कृती. माणसाने शेकडो पिढ्या निवड करून या क्रमात फेरफार केले आहेत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील ‘बॉर्डर कॉली’ या जातीत नजर, दबकणे आणि पाठलाग शिल्लक राहिले व चावा मंदावला. म्हणून ते कुत्रे केवळ नजरेने कळप वळवू शकते. वेल्समधील बाला या गावी 1873 साली अशा कुत्र्यांची स्पर्धा भरली होती. आपल्याकडील धनगरांच्या कुत्र्यांचे मुख्य काम मात्र निराळे आहे. मेंढरे वळवतो तो माणूस, आपल्या हाकेने व काठीने. कुत्रा रात्री लांडग्यापासून आणि चोरापासून त्यांना राखतो. एक हाकणारा, दुसरा राखणारा. दोघांच्याही शिक्षणाचा पाया मात्र एकच, तो म्हणजे मेंढरू हे भक्ष्य नव्हे, हे लहानपणीच मनावर ठसणे.

यासाठी योग्य वय कोणते? शास्त्रज्ञांच्या मते जन्मानंतरचा सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या काळात ज्यांचा सहवास घडतो, त्यांना ते आपले मानते. विख्यात निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन 1833 साली दक्षिण अमेरिकेतील आजच्या उरुग्वे देशात हिंडत असता त्याला मैलोगणती कळप एकट्याने सांभाळणारे कुत्रे आढळले. चौकशी केल्यावर कळले, की तेथील लोक पिल्लाला लवकरच आईपासून वेगळे करून मेंढीचे दूध पाजतात आणि मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून ठेवतात. ते पिल्लू पुढे मेंढरांनाच आपले कुटुंब समजते. इतक्या टोकाला जाण्याचे आपल्याला कारण नाही; पण त्यातील तत्त्व ध्यानी घ्यावे.

आजोबांची रीतही याच तत्त्वाची. प्रथम काही दिवस पिल्लाला जाळीच्या कुंपणाबाहेर बांधून मेंढरांचा वास व आवाज यांची सवय करावी. मग दोरी हाती धरून एखाद्या शांत, वयस्क मेंढीजवळ न्यावे. नुकतीच व्यालेली मेंढी किंवा मारका मेंढा यांच्यापुढे नेऊ नये. पहिल्याच दिवशी जोराची धडक बसली, तर पिल्लू कायमचे भित्रे तरी होते, नाही तर आकसाने चावरे तरी. भेट थोडा वेळच असावी आणि पिल्लू शांत बसले असतानाच ती संपवावी. ते धावू लागल्यास ओरडू नये, मारू नये. दोरी रोखून शांतपणे बाजूला न्यावे. आरडाओरड हा त्याला खेळातील उत्तेजनच वाटतो. सोबत एखादा जाणता कुत्रा असला, तर निम्मे काम तोच करतो. आणि चार-सहा महिन्यांच्या पिल्लाला कोकरांमध्ये एकटे कधीही सोडू नये, कारण अंगात बळ आलेले असते, विवेक आलेला नसतो. पुरती भिस्त ठेवण्याजोगा कुत्रा व्हायला दीड-दोन वर्षे लागतात.

आरोग्याकडेही दुर्लक्ष नको. पिल्लाला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि वेळोवेळी जंतांचे औषध द्यावे. मेलेल्या मेंढीचे डोके वा आतडी कच्ची खाऊ घालू नयेत. त्यांतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडली की मेंढीच्या मेंदूत पाण्याचे फोड होतात आणि ती जागच्या जागी गोल फिरू लागते. राखणदारच मग नकळत कळपाचा घात करतो.

कोणी म्हणेल, लांडगेच मारले तर कुत्रा हवाच कशाला? परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला मारण्यास बंदी आहे, आणि माळरानाचा तोही एक रहिवासी आहे. त्याला न मारता दूर ठेवणारा जागता कुत्रा, हाच त्यावर जुना आणि न्याय्य उपाय होय.

पुढच्या सुगीला तो तळ पुन्हा आला. आम्ही मुलांसह संध्याकाळी गेलो, तेव्हा ते पिल्लू ओळखू येईना, एवढे मोठे झाले होते. कुंपणाशी ते निवांत पडले होते आणि एक कोकरू त्याच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे उतरत होते. कुत्र्याने डोळा उघडला, पुन्हा मिटला. या खेपेस आमच्यापैकी कोणीही टाळी वाजवली नाही. आजोबांनी आमच्याकडे पाहून फक्त मान हलवली. आम्हा शिक्षकांना मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रांत याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्ही पाहिलेले नाही. मात्र ते आमचे नव्हते, त्यांचे होते.